खिडकीच्या काचेतून येणारी उन्हाची उष्णता: मोजायची कशी, काच निवडायची कशी, ऊन अडवायचे कुठे

काच घेताना साधारण तीन प्रश्न विचारले जातात: रंग कोणता, जाडी किती आणि काच एकेरी की दुहेरी. उन्हाची किती उष्णता खोलीत शिरणार, याचे उत्तर या तिन्हींत नाही. गडद काच थंड असेलच असे नाही, जाड काचेने फारसा फरक पडत नाही आणि साधी दुहेरी काच भर उन्हात अपेक्षेपेक्षा फार कमी काम करते. उत्तर एका आकड्यात आहे. तो आकडा आणि खिडकीची दिशा कळली की बाकीचे निर्णय सोपे होतात.

तो आकडा कोणता

जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या उन्हातली सुमारे निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. निम्म्याहून थोडी कमी दृश्य प्रकाशात असते आणि उरलेले चार-पाच टक्के अतिनील किरणांत. ऊन काचेवर पडले की त्याचा काही भाग परावर्तित होतो, काही आरपार जातो आणि काही काचेतच शोषला जातो. शोषलेल्या भागाने काच तापते आणि ती उष्णता थोडी बाहेर, थोडी आत सोडते. आरपार आलेला भाग अधिक काचेने शोषून आत सोडलेला भाग, ही बेरीज पडलेल्या एकूण उन्हाच्या किती पट आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे सौर उष्णता लाभ गुणांक. माहितीपत्रकांत तो एसएचजीसी या नावाने येतो. युरोपीय पत्रकांत त्यालाच जी-मूल्य म्हणतात. ०.८१ म्हणजे पडलेल्या उन्हातली ८१ टक्के उष्णता आत. जुन्या पत्रकांत शेडिंग कोइफिशंट, म्हणजे एससी, दिलेला असतो. त्याला ०.८७ ने गुणले की एसएचजीसी मिळतो. या दोघांची गल्लत करून दोन काचांची तुलना केली तर निष्कर्ष चुकतो, म्हणून पत्रक हातात आले की आधी कोणता आकडा छापला आहे ते पाहावे.

सोबत आणखी दोन आकडे हवेत. यू-मूल्य आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता वाहते ते सांगते. ऊन नसतानाही, रात्रीसुद्धा, ते लागू असते. व्हीएलटी म्हणजे दृश्य प्रकाशाचा किती टक्के भाग आत येतो. व्हीएलटीला एसएचजीसीने भागले की काच उजेड आणि उष्णता किती वेगळी करते ते कळते. साध्या पारदर्शक काचेत हा भागाकार १.१ च्या आसपास येतो. करड्या काचेत तो १ च्या खाली जातो, म्हणजे ती उष्णतेपेक्षा उजेड जास्त अडवते. चांगल्या निवडक लेपाच्या, म्हणजे उजेड सोडून अवरक्त किरण परतवणाऱ्या लेपाच्या, काचेत तो १.८ च्या पुढे जातो.

आत शिरलेले ऊन परत का जात नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. ऊन लघुलहरींच्या रूपात येते आणि जमीन, फर्निचर, पडदे त्याला शोषून घेतात. तापलेल्या वस्तू मग दीर्घलहरी अवरक्त किरण सोडतात आणि त्यांना काच जवळपास अपारदर्शक असते. उष्णता खोलीत अडकते. म्हणून ऊन काचेच्या बाहेर अडवणे आणि आत अडवणे यांत मोठा फरक पडतो. हा फरक पुढच्या हिशेबात आकड्यांत दिसेल.

एका खिडकीचा हिशेब

१.५ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच खिडकी घेऊ. क्षेत्रफळ १.८ चौ.मी. चौकट आणि झडपांच्या पट्ट्या वजा जाता काच उरते सुमारे १.४ चौ.मी. खिडकी पश्चिमेला आहे, दुपारनंतरचे ऊन थेट पडते आहे आणि उभ्या काचेवर दर चौ.मी. ६०० वॅट इतकी ऊर्जा येते आहे. निरभ्र दिवशी हा आकडा अजिबात अतिशयोक्त नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा १० अंशांनी गरम आहे.

उन्हाची उष्णता = काचेचे क्षेत्रफळ × उन्हाची तीव्रता × एसएचजीसी.
हवेच्या फरकाची उष्णता = काचेचे क्षेत्रफळ × यू-मूल्य × तापमानातला फरक.

६ मिमी पारदर्शक एकेरी काच: उन्हाची १.४ × ६०० × ०.८१ = ६८० वॅट. हवेच्या फरकाची १.४ × ५.७ × १० = ८० वॅट. एकूण ७६०. वातानुकूलन यंत्राचा एक टन म्हणजे ३,५१७ वॅट. म्हणजे त्या वेळी ही एकच मध्यम खिडकी एका टनाचा पाचव्याहून अधिक हिस्सा खाते आणि त्यातला नव्वद टक्के वाटा एकट्या उन्हाचा असतो.

आता तीच खिडकी, वेगवेगळे उपाय:

६ मिमी करडी एकेरी काच (०.५९): ४९६ + ८० = ५७६ वॅट.
पारदर्शक दुहेरी काच, ६-१२-६, म्हणजे ६ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिमी पोकळी (०.७०, यू २.८): ५८८ + ३९ = ६२७ वॅट.
निवडक लो-ई (कमी उत्सर्जनाच्या) लेपाची दुहेरी काच (०.३७, यू १.७): ३११ + २४ = ३३५ वॅट.
साधी पारदर्शक एकेरी काच, पण बाहेरून पडदा किंवा शटर (एकत्रित गुणांक सुमारे ०.१५): १२६ + ८० = २०६ वॅट.

शेवटची ओळ दोनदा वाचावी. भर उन्हात बाहेरच्या आडोशामागची सर्वांत साधी काच महागड्या लेपाच्या काचेला मागे टाकते. आणि लेप नसलेली दुहेरी काच करड्या एकेरी काचेच्याही मागे पडते, कारण तिचा फायदा मुख्यतः यू-मूल्यात आहे. थंड रात्री, आवाज अडवताना किंवा दिवसभर वातानुकूलित असणाऱ्या खोलीत तो फायदा खरा आहे. पश्चिमेच्या उन्हावर उपाय म्हणून ती पुरेशी नाही.

असाच हिशेब घरातल्या प्रत्येक खिडकीचा करावा. कागदावर चार रकाने पुरतात: दिशा, काचेचे निव्वळ क्षेत्रफळ, ऊन कोणत्या वेळी पडते, आत्ताची काच कोणती. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीवरही आकाशाचा विखुरलेला आणि जमिनीवरून उसळलेला प्रकाश मिळून दर चौ.मी. १०० वॅट किंवा त्याहून अधिक सहज पडतो, तेव्हा ती खिडकी शून्य धरू नये. छतातल्या आडव्या काचेवर माध्यान्ही १,००० वॅटच्या आसपास ऊन पडते. तिथे ०.३ च्या वरचा गुणांक स्वीकारणे म्हणजे उन्हाळाभर त्रास ओढवून घेणे.

काचांचे प्रकार, आकड्यांसह

खालचे आकडे काचेच्या मध्यभागाचे आणि समोरून सरळ पडणाऱ्या उन्हाचे आहेत. उत्पादनागणिक ते थोडे वरखाली होतात.

| काच | एसएचजीसी | व्हीएलटी |
|---|---|---|
| ३ मिमी पारदर्शक | ०.८६ | ९०% |
| ६ मिमी पारदर्शक | ०.८१ | ८८% |
| ६ मिमी कांस्य (ब्राँझ) | ०.६२ | ५४% |
| ६ मिमी करडी | ०.५९ | ४६% |
| ६ मिमी हिरवी | ०.६० | ७६% |
| दुहेरी पारदर्शक | ०.७० | ७८% |
| दुहेरी, बाहेरची काच करडी | ०.४७ | ३९% |
| दुहेरी, बाहेरची काच हिरवी | ०.४९ | ६८% |
| दुहेरी, निवडक लो-ई, लेप बाहेरच्या काचेच्या पोकळीकडच्या बाजूला (पृष्ठभाग २) | ०.३७ | ७०% |

जाडी दुप्पट केली तर गुणांक ०.८६ वरून जेमतेम ०.८१ होतो. करडी आणि हिरवी काच उष्णतेच्या बाबतीत जवळपास सारख्या आहेत, पण हिरवीतून येणारा उजेड दीडपटीहून अधिक आहे. काचेतले लोह अवरक्त किरण शोषते आणि दृश्य प्रकाश त्यामानाने सोडते, त्यामुळे हे होते. गडद रंगाची काच घेऊन दिवसा दिवे लावावे लागत असतील, तर त्या दिव्यांची उष्णताही हिशेबात धरायला हवी.

रंगीत काच ऊन परतवत नाही, शोषते. कडक उन्हात ती हाताला चटका बसावा इतकी तापते आणि खिडकीजवळ बसणाऱ्याला तिची धग जाणवते. एकेरी लावली तर शोषलेल्या उष्णतेतला बराच भाग आत येतो. दुहेरीत ती नेहमी बाहेरच्या बाजूला लावायची, म्हणजे शोषलेली उष्णता बाहेरच्या हवेत निघून जाते. हा क्रम उलटला की रंगीत काचेचा फायदा बराच वाया जातो.

रिफ्लेक्टिव्ह काच, म्हणजे आरशासारखे ऊन परतवणारी, एसएचजीसी खूप खाली आणू शकते, पण बहुतेक वेळा उजेडाची मोठी किंमत घेऊन. तिचे दोन स्वभाव आधीच माहीत असावेत. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूने ती आरसा होते. दिवसा बाहेरून आतले दिसत नाही, रात्री दिवे लागले की चित्र उलटे होते. दुसरे म्हणजे परतवलेले ऊन कुठेतरी जातेच. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या अंतर्वक्र दर्शनी भागाने २०१३ मध्ये ऊन एकवटले आणि रस्त्यावर उभ्या मोटारीचे भाग वितळले. घराच्या सपाट खिडकीतून इतके होत नाही, पण समोरच्याच्या खोलीत झगझगाट पडणार असेल तर ही काच टाळावी.

लो-ई लेप दोन जातींचे असतात आणि हा भेद न सांगता काच विकली जाते. कडक लेप काच तयार होत असतानाच तप्त पृष्ठभागावर बसवला जातो. तो टिकाऊ असतो, एकेरी काचेतही चालतो, आणि ऊन बऱ्यापैकी आत सोडतो. मऊ लेपात चांदीचे अतिपातळ थर असतात. एक थर असेल तर ऊन मध्यम प्रमाणात येते, दोन किंवा तीन असतील तर दृश्य प्रकाश सोडून अवरक्त किरण परतवले जातात. चांदी हवेत काळवंडते, म्हणून मऊ लेप दुहेरी काचेच्या बंद पोकळीतच ठेवावा लागतो. केवळ ‘लो-ई’ या शब्दावर विसंबून उष्ण जागेसाठी काच घेतली, तर थंड प्रदेशासाठी बनवलेली, ऊन मुद्दाम आत घेणारी काच गळ्यात पडू शकते. यू-मूल्य उत्तम आणि एसएचजीसी ०.६ अशीही लो-ई काच असते.

थंड प्रदेशात मात्र नेमकी तीच हवी. तिथे विषुववृत्ताकडे तोंड असलेल्या खिडकीतून हिवाळ्यात येणारे ऊन हे फुकटचे इंधन आहे. अशा जागी लेप पृष्ठभाग ३ वर, म्हणजे आतल्या काचेच्या पोकळीकडच्या बाजूला, गुणांक ०.५ च्या वर आणि यू-मूल्य जितके कमी तितके चांगले.

पोकळीत भरलेल्या आर्गॉन वायूमुळे यू-मूल्य सुधारते, एसएचजीसी जवळपास आहे तसाच राहतो. पोकळी १२ ते १६ मिमी ठेवावी. त्याहून रुंद केली तर आतली हवा वरखाली फिरू लागते आणि फायदा थांबतो. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये चिकटवलेला पीव्हीबी या प्लास्टिकचा थर ९९ टक्क्यांहून अधिक अतिनील किरण अडवतो, म्हणून कापड आणि लाकडाचा रंग जास्त टिकतो. पण रंग उडण्यात दृश्य प्रकाश आणि उष्णतेचाही हात असतो, त्यामुळे तो पूर्ण थांबत नाही.

दिशा आणि आडोसा, काच ठरवण्याआधी

विषुववृत्ताकडे तोंड असलेली खिडकी, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेची, आडव्या छज्ज्याने उत्तम सांभाळता येते. माध्यान्ही सूर्याची उंची अशी काढावी: ९० वजा अक्षांश, उन्हाळ्याच्या शिखरावर अधिक २३.५, हिवाळ्याच्या तळाला वजा २३.५. अक्षांश ३० असेल तर विषुवदिनी ६० अंश, हिवाळ्यात ३६.५ अंश. छज्ज्याची सावली खाली किती उतरते? छज्ज्याची खोली गुणिले त्या कोनाचा टॅन. ०.६ मीटरचा छज्जा विषुवदिनी १.०४ मीटर सावली देतो आणि हिवाळ्यात फक्त ०.४४ मीटर. उन्हाळ्यात आडोसा आणि हिवाळ्यात ऊन, दोन्ही एकाच छज्ज्यातून मिळते. दोन्ही बाजूंना तो खिडकीच्या पुढे साधारण त्याच्या खोलीइतका न्यावा, नाहीतर सकाळी आणि दुपारी बाजूने ऊन शिरते. उष्ण कटिबंधात उन्हाळ्याचे काही दिवस माध्यान्हीचा सूर्य दुसऱ्या बाजूला ओलांडतो. तेव्हा विरुद्ध दिशेच्या खिडक्यांचाही विचार करावा लागतो.

पूर्व आणि पश्चिमेला हा हिशेब कोसळतो. सूर्य ३० अंशांवर आणि खिडकीच्या अगदी समोर असेल, तर १.२ मीटर उंच खिडकी झाकायला २ मीटरहून खोल छज्जा लागेल. तो कोणी बांधत नाही. इथे खिडकीबाहेरच्या उभ्या आडोसा-पट्ट्या, बाहेरचे शटर, बाहेरची रोलर जाळी किंवा झाडच कामाचे. पश्चिमेवर खर्च करायची पहिली रक्कम काचेवर न करता बाहेरच्या आडोशावर करावी, या मतावर आम्ही ठाम आहोत. बाहेरचा पडदा काचेला चिकटून नसावा. मधल्या फटीतली तापलेली हवा वरून निसटायला वाट हवी.

आतला पडदा दुय्यम उपाय आहे. पारदर्शक एकेरी काचेमागे पांढरा अपारदर्शक पडदा ओढला तर उष्णता एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी होते, कारण तो ऊन काचेतून परत बाहेर फेकतो. गडद पडदा ते शोषतो आणि खोलीतच तापतो. त्याचा उपयोग फार तर चौथ्या हिश्श्यापर्यंत. लो-ई काचेमागे आतल्या पडद्याचा परिणाम आणखी कमी होतो, कारण परतवलेल्या उन्हातला काही भाग लेप पुन्हा आत ढकलतो.

ऊन तिरपे पडले की काच आपणहून जास्त परतवते. साधारण ५० अंशांपर्यंत फरक किरकोळ असतो. ६ मिमी पारदर्शक काचेचा गुणांक ६० अंशांना ०.७३, ७० अंशांना ०.६२ आणि ८० अंशांना ०.३९ होतो. उन्हाळ्यात विषुववृत्ताकडच्या खिडक्या पश्चिमेच्या मानाने सौम्य वाटतात, त्यामागे हेही कारण आहे. पश्चिमेचे ऊन काचेवर जवळपास काटकोनात येते.

खिडकीसमोरचे अंगणही विसरू नये. छज्जा वरून येणारे ऊन अडवतो, खालून उसळणारे नाही. फिकट काँक्रीटची फरसबंदी गवतापेक्षा जास्त ऊन परतवते. समोरची दोन-तीन मीटर पट्टी हिरवी केली तरी फरक जाणवतो.

पत्रक वाचताना, फिल्म घेताना

काचेवर चिकटवायच्या पातळ फिल्मच्या जाहिरातीत ‘९९% यूव्ही’ आणि ‘९७% आयआर’ असे आकडे ठळक असतात. अतिनील किरणांत उन्हाची ऊर्जाच पाच टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे पहिल्या आकड्याचा थंडाव्याशी फारसा संबंध नाही. दुसरा आकडा अनेकदा अवरक्त पट्ट्याच्या एका अरुंद भागात, कधी एकाच तरंगलांबीवर मोजलेला असतो. शिवाय ‘अडवले’ यात ‘शोषले’ही येते आणि शोषलेल्यातला काही भाग आत येतोच. विचारायचा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जा किती टक्के नाकारली. १ मधून एसएचजीसी वजा केला की तोच आकडा मिळतो. तो कोणत्या काचेवर मोजला आहे तेही विचारावे.

दावे तपासायला एक साधी मर्यादा लक्षात ठेवावी. दृश्य प्रकाशातच उन्हाची निम्म्याच्या जवळपास ऊर्जा आहे. व्हीएलटी ७०% असेल तर त्या एका वाटेने एकूण उन्हाचे तीस टक्के किंवा थोडे अधिक आत येणारच. ७०% उजेड आणि ०.१५ गुणांक एकत्र असल्याचा दावा भौतिकशास्त्रात बसत नाही.

दुकानातला दिव्याचा प्रयोगही असाच फसवा. काचेमागे तापता लाल दिवा लावून पुढे हात धरायला सांगतात. त्या दिव्याची बहुतांश ऊर्जा अवरक्त असते, उन्हाची निम्मीच. त्यामुळे अवरक्त अडवणारे कोणतेही उत्पादन तिथे उन्हातल्यापेक्षा कितीतरी सरस भासते. तुलना करायची तर दोन्ही नमुने एकाच वेळी खऱ्या उन्हात धरून करावी.

पत्रकावर गुणांक कोणत्या मानकाने काढला आहे ते पाहावे. एनएफआरसी २००, ईएन ४१० आणि आयएसओ ९०५० ही नेहमी दिसणारी नावे. वेगवेगळ्या मानकांचे आकडे किंचित वेगळे येतात. आकडा नुसत्या काचेचा की चौकटीसकट पूर्ण खिडकीचा, हेही विचारावे. चौकट ऊन फारसे आत सोडत नाही, म्हणून पूर्ण खिडकीचा आकडा नेहमी कमी दिसतो. एका दुकानाचा काचेचा आणि दुसऱ्याचा खिडकीचा आकडा शेजारी ठेवून निर्णय घेऊ नये. स्वतः तपासायचे असेल तर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेची ‘विंडो’ ही मोफत संगणकप्रणाली हजारो काचांच्या मोजमापांसह मिळते.

फिल्म लावण्याची पद्धत: काच धुवून नवीन पात्याच्या स्क्रॅपरने पूर्ण खरवडावी, मात्र त्या बाजूला लेप नाही याची आधी खात्री करून. काच आणि फिल्मची चिकट बाजू, दोन्ही शांपूचे काही थेंब टाकलेल्या पाण्याने भरपूर ओली करावी. फिल्म सरकवून जागेवर आणावी, मग स्क्वीजीने (रबरी पट्टीच्या पुसणीने) मधून कडेकडे पाणी ढकलावे. चारही कडांना १ ते २ मिमी फट सोडावी. फिल्म रबरावर किंवा चौकटीवर चढली तर तिथून उकलायला लागते. त्यानंतर काही दिवस ते काही आठवडे धूसरपणा आणि पाण्याचे छोटे फुगे दिसतात, ते आपोआप सुकतात. घाईने टोचू नयेत. धुळीच्या कणाभोवतीचा फुगा मात्र जात नाही, तो सफाईतला दोष.

काच का तडकते

उष्णता शोषणाऱ्या काचेची ही खरी जोखीम आहे आणि विक्री करताना तिचा उल्लेख क्वचित होतो. मधला भाग उन्हात तापून प्रसरण पावतो. चौकटीत दडलेली किनार थंड राहते आणि तिच्यावर ताण येतो. साध्या, टफन न केलेल्या (तापवून झटकन थंड करून मजबूत न केलेल्या) काचेत मध्य आणि किनार यांत ३० ते ४० अंशांचा फरक पडला की तडा जाण्याची शक्यता निर्माण होते. किनारीला कापताना टवका गेलेला असेल तर त्याहून कमी फरकातही. उष्णतेचा तडा ओळखता येतो. तो किनारीपासून सुरू होतो, पहिले काही सेंटिमीटर किनारीला अगदी काटकोनात जातो आणि मग वळणे घेत फिरतो. दगड लागलेल्या काचेत आघाताच्या जागेपासून किरणांसारखे तडे पसरतात.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी: काचेच्या अर्ध्या भागावर पडणारी कडक सावली, आतून काचेला टेकलेला जाड पडदा किंवा कपाट, गार हवेचा झोत थेट काचेवर, मोठी स्टिकरे, आणि दुहेरी किंवा रंगीत काचेवर आतून लावलेली गडद फिल्म. यातली शेवटची चूक सर्वांत जास्त होते. दुहेरी काचेवर फिल्म लावायची तर त्या विशिष्ट काचेशी तिची सुसंगतता लेखी घ्यावी. नसेल मिळत, तर आतली फिल्म लावू नये. पडदा काचेपासून किमान ५ सेंमी दूर ठेवावा आणि वर-खाली हवा खेळू द्यावी. रंगीत किंवा बरेच ऊन शोषणारी लेपाची काच घेताना किनारी घासलेल्या आणि काच हीट-स्ट्रेंग्थन्ड किंवा टफन्ड मागवावी. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून मोजमाप चौकट बसल्यानंतर, दोन्ही कर्ण मोजून द्यावे.

काच आली, आता तपासणी

दुहेरी काचेत पृष्ठभागांना बाहेरून आत १, २, ३, ४ असे क्रमांक आहेत. ऊन अडवणारा लेप २ वर असायला हवा. तो खरेच तिथे आहे का, हे बसवण्यापूर्वी दोन मिनिटांत कळते. अंधाऱ्या पार्श्वभूमीसमोर काच उभी करावी. जी बाजू घरात येणार त्या बाजूला उभे राहून लायटरची ज्योत किंवा मोबाईलचा बारीक दिवा काचेजवळ धरावा आणि तिरपे पाहावे. चार प्रतिबिंबे दिसतात, दोन-दोनच्या जोड्यांत. त्यातले एक इतरांहून वेगळ्या रंगाचे असते, गुलाबीसर, निळसर किंवा हिरवट. जवळून मोजायला सुरुवात करायची: पहिले ४ चे, दुसरे ३ चे, तिसरे २ चे, चौथे १ चे. वेगळा रंग तिसऱ्या प्रतिबिंबाचा असेल तर काच बरोबर धरली आहे. दुसऱ्याचा असेल तर काच उलटी आहे. एकही रंग वेगळा नसेल तर लेपच नाही. उलटी बसवली तर यू-मूल्य तेच राहते, पण लेपाने शोषलेली उष्णता आतल्या काचेत साठते आणि एसएचजीसी वाढतो. बाहेरून पाहून हा दोष कोणालाही कळत नाही, म्हणून ही चाचणी प्रत्येक नगाची करावी आणि बाहेरच्या बाजूला खडूने खूण करावी.

मऊ लेपाच्या काचेची कड निरखावी. जिथे सीलंट चिकटते तिथे सभोवार सुमारे १० मिमी पट्टी लेप खरवडून साफ केलेली असायला हवी. ती तशीच ठेवली असेल तर ओल चांदीत शिरते आणि काही काळाने किनारीपासून पांढरट डाग आत सरकू लागतात. त्यावर इलाज नाही, नग बदलावा लागतो. दोन काचांच्या मध्ये बाष्प दिसणे म्हणजे सील गेले, त्यालाही हेच लागू.

बसवताना काचेचे वजन खालच्या कडेच्या दोन कठीण रबरी ठोकळ्यांवर यावे, प्रत्येक कोपऱ्यापासून रुंदीच्या चौथ्या भागावर एक. ठोकळे दोन्ही काचांना आधार देतील इतके रुंद हवेत, नाहीतर एक काच लटकत राहते आणि सील फाटते. काच आणि चौकट यांत सभोवार ३ ते ५ मिमी फट ठेवावी. चौकटीच्या खोबणीतली पाणी निघायची छिद्रे मोकळी आहेत का, ते पाणी ओतून पाहावे. साचलेल्या पाण्यात भिजत राहिलेले सील लवकर जाते. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचे वापरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे आम्लयुक्त सिलिकॉन दुहेरी काचेच्या सीलला आणि लॅमिनेटेडच्या पीव्हीबीला बाधते.

बसवल्यानंतर मोजणी

लक्समीटर काचेला समांतर धरून आधी बाहेर, लगेच आत मोजावे. बाहेर ४०,००० आणि आत २८,००० आले तर व्हीएलटी ७०%. पत्रकाशी पाच-सहा टक्क्यांहून जास्त तफावत आली तर विचारणा करावी. हातातल्या सोलर मीटरने असेच मोजले तर फक्त आरपार आलेला भाग कळतो, काचेने शोषून सोडलेला नाही. म्हणून त्या भागाकाराला एसएचजीसी समजू नये. सिलिकॉन सेलचे मीटर १,१०० नॅनोमीटरच्या पुढचे किरण पाहतही नाही.

इन्फ्रारेड तापमापी काचेच्या जवळच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवते, पलीकडचे नाही. साध्या काचेवर तिचे वाचन ठीक येते. आतल्या उघड्या पृष्ठभागावर लो-ई लेप असेल तर ती चुकीचे तापमान दाखवते, कारण तो पृष्ठभाग स्वतः फार कमी उत्सर्जन करतो आणि खोलीचेच प्रतिबिंब दाखवतो. तिथे कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून, पाच मिनिटे थांबून, त्यावर नेम धरावा. वाचन भर उन्हाच्या वेळी घ्यावे. लेप २ वर असलेल्या दुहेरी काचेत बाहेरची काच आतल्यापेक्षा गरम असते. आतलीच जास्त तापलेली आढळली तर लायटरची चाचणी पुन्हा करावी, आणि तोवर काच बसवणाऱ्याचे उरलेले पैसे देऊ नयेत.